जुन्या कॅमकॉर्डरच्या कॅसेट लॅपटॉपवर कशा घ्यायच्या?

रानवारा

बाबांनी आणि नंतर दादाने चित्रित केलेल्या कॅसेटचा एक खोका हाती लागलाय. तीन प्रकारच्या कॅसेट आहेत. सर्वांत लहान, 'मिनी डीव्ही' लिहिलेल्या. त्याहून जरा मोठ्या, त्यांतल्या काहींवर 'व्हिडिओ ८' तर काहींवर 'हाय ८' असं आहे. आणि दोन-चार 'व्हीएचएस-सी'. मिनी डीव्हीचा कॅमेरा चालतो, छोट्या पडद्यावर चित्र नीट दिसतं. हाय ८ चा कॅमेरा सुरू होतो, टेप फिरते, पण आवाज अजिबात नाही आणि चित्र मळकट. व्हीएचएस-सीचा कॅमेरा घरात नाहीच.

लॅपटॉप नवा आहे, विंडोज ११, यूएसबी-सी सोडून जोडायला जागा नाही. मिनी डीव्ही कॅमेऱ्याला यूएसबी केबल लावली तर मेमरी कार्डातले फोटो दिसतात, टेपचा पत्ता नाही. कॅमेरा बिघडलाय की केबल चुकीची आहे? बाबांचा आवाज आमच्याकडे या टेपांखेरीज कुठेच नाही. त्यामुळे घाईत काही करून टेप खराब करायची नाहीये. अगदी पहिलीपासून सांगितलंत तरी चालेल.

निळीशाई

व्हिडिओ कॅप्चरचं छोटं यूएसबी यंत्र मिळतं. एका बाजूला पिवळी-पांढरी-लाल पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. कॅमेऱ्याच्या एव्ही आउटमधून त्यात, तिथून लॅपटॉपमध्ये. ओबीएस (व्हिडिओ रेकॉर्ड करायचा मोफत प्रोग्रॅम) उघडायचं आणि रेकॉर्ड करायचं. आम्ही घरच्या सगळ्या कॅसेट अशाच घेतल्या. तिन्ही प्रकारांना एकच उपाय.

टेपडेक

रानवारा, कॅमेरा ठीक आहे आणि केबलही बरोबर आहे. बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी दिलेली असते ती कार्डातल्या फोटोंसाठी. काही मॉडेल यूएसबीवरून व्हिडिओही पाठवतात, पण तो बहुतेकदा वेबकॅमच्या दर्जाचा. टेपसाठी दुसरी वाट आहे. कॅमेऱ्यावर 'डीव्ही' किंवा 'आय.लिंक' लिहिलेली चार पिनांची बारीकशी खाच शोधा. ती फायरवायर, म्हणजे टेपवरचा व्हिडिओ थेट संगणकात नेणारी जोडणी.

निळीशाई, तुमचा उपाय हाय ८ आणि व्हीएचएस-सीला चालेल. मिनी डीव्हीला तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. या टेपवर चित्र आधीच आकड्यांत साठवलेलं असतं. डीव्ही हा प्रकार १९९५ साली आला, आणि त्यात व्हिडिओ सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने टेपवर लिहिला जातो. पिवळ्या पिनेतून काढला की कॅमेरा त्या आकड्यांचं पुन्हा अ‍ॅनालॉग चित्र करतो, रंग आणि प्रकाश एका तारेत एकत्र कोंबतो, मग ते छोटं यंत्र त्याचे पुन्हा आकडे करतं आणि शेवटी ओबीएस ते दाबून लहान करतं. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी हरवतं. फायरवायरने तेच आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये येतात. एका तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते.

आता जे सांगतो त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. टेप बऱ्यापैकी ठेवलेली असेल तर अजून काही वर्षं काढेल. ती वाजवणारं यंत्र मात्र काढेलच असं नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपा वाचवण्यासाठी २०२५ ही मुदत सांगितली होती. तिच्यामागे टेपांच्या वयाइतकीच यंत्रांची, सुट्या भागांची आणि दुरुस्ती जाणणाऱ्या माणसांची टंचाई होती. म्हणून तुमचा तो चालू कॅमेरा जपा. 'आधी कशात काय आहे ते बघू' म्हणून त्यावर कॅसेट बघत बसू नका. टेप एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या म्हणजे वर्षानुवर्षं न हललेल्या गुंडाळीतला ताण सारखा होईल. मग पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच उतरवून घ्या, आणि हवं तितकं बघायचं ते फाइलवरून बघा.

सुरुवातीलाच करायच्या आणखी दोन गोष्टी. प्रत्येक कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. (व्हीएचएस-सीला पट्टी नसेल तर तिथला प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला आहे का ते बघा.) आणि खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड निरखा. पांढरट भुकटी किंवा धाग्यांसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

रानवारा

टेपडेकदादा, इतकं सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. चार पिनांची खाच सापडली, रबरी झाकणाखाली होती. पण लॅपटॉपला फायरवायर कुठून आणू? ऑनलाइन एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशा केबली दिसतायत. मागवू?

मुक्तस्रोत

नका मागवू! त्या केबलीत दोन टोकं फक्त तारांनी जोडलेली असतात. यूएसबी आणि फायरवायर यांची बोलण्याची रीतच वेगळी आहे, नुसती तार जोडून काही होत नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली माझ्या मते सर्वांत बिनधोक: नातेवाइकांत कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यात पीसीआय एक्स्प्रेस खाचेत फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड मिळालं तर उत्तम. दुसरी: २०१० च्या आसपासचा जुना लॅपटॉप. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांना चार पिनांची फायरवायर खाच असायचीच, आपलं लक्ष जायचं नाही इतकंच. तिसरी वाट थंडरबोल्टची (काही संगणकांवरची वेगवान खाच), ती मॅकवाले सांगतील.

मी लिनक्सवर 'डीव्हीग्रॅब' नावाची मोफत आज्ञावली वापरतो. कॅमेरा जोडला की तीच कॅमेऱ्याचं प्ले-स्टॉप चालवते. प्रत्येक दृश्याची वेगळी फाइल करते आणि फाइलच्या नावात चित्रणाची तारीख-वेळ घालते. विंडोजवर 'विनडीव्ही' हा चिमुकला प्रोग्रॅम हेच काम करतो. विंडोज १० किंवा ११ वर कॅमेरा ओळखला गेला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १३९४ च्या (म्हणजे फायरवायरच्या) कंट्रोलरला 'लेगसी', म्हणजे जुना, ड्रायव्हर लावून बघा. बहुतेकांची गाडी तिथेच अडलेली असते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये फायरवायरची देखभाल २०२९ पर्यंत चालू ठेवू असं तो भाग सांभाळणाऱ्यांनी जाहीर केलंय. तेव्हा वेळ आहे, पण अमर्याद नाही.

सायंतारा

मॅकबद्दल. २०१२ पर्यंतच्या मॅकबुक प्रोला फायरवायर ८०० होती. जुना मॅक कुणाकडे असेल तर ९ ते ४ पिनांची केबल पुरते आणि आयमूव्ही थेट घेतं. नव्या मॅकला थंडरबोल्ट ३ ते २ अ‍ॅडॉप्टर, त्याला थंडरबोल्ट ते फायरवायर अ‍ॅडॉप्टर, मग केबल अशी लांबलचक साखळी लागते. ती चालते. मात्र मॅकओएस २६, म्हणजे 'टाहो', मधून अ‍ॅपलने फायरवायर काढून टाकलंय. टेपा शिल्लक असतील तर त्या मॅकला अपडेट करू नका.

विंडोज लॅपटॉपची यूएसबी-सी खाच थंडरबोल्टची नसेल तर ही साखळी मुळीच चालणार नाही. खाचेजवळ विजेचं चिन्ह आहे का ते बघा.

टेपडेक

मुक्तस्रोत आणि सायंतारा, दोघांशी सहमत. जोडताना एक काळजी: कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असताना फायरवायर लावा. संगणकाकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीजही येते, आणि ते टोक जोर लावून उलटं घातलं तर कॅमेऱ्यातली चिप जाऊ शकते. कॅमेरा बॅटरीवर नको, अ‍ॅडॉप्टरवर ठेवा. स्विच 'कॅमेरा'वर न ठेवता 'प्ले' किंवा 'व्हीसीआर'वर ठेवा.

विनडीव्ही असो की डीव्हीग्रॅब, दोघांतही 'ड्रॉप्ड फ्रेम'चा (उतरवताना सुटलेल्या चित्रांचा) आकडा दिसतो. तो शून्य असायला हवा. तो वाढत असेल तर लॅपटॉपवर दुसरं काही चालू ठेवू नका आणि फाइल बाहेरच्या यूएसबी डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर घ्या. बाहेरची डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीला फाइल तुटेल, म्हणजे विसेक मिनिटांच्या आतच. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या.

रानवारा

आतेभावाकडे जुना डेस्कटॉप निघाला! कार्ड बसवलं, विनडीव्हीने कॅमेरा ओळखला, दोन टेपा उतरल्यासुद्धा. बाबांचा आवाज इतका स्वच्छ येईल असं वाटलंच नव्हतं. आई संध्याकाळभर पुन्हा पुन्हा ऐकत होती.

पण तिसऱ्या टेपला चित्रावर चौकोन चौकोन येतायत, मधेच आवाज तुटतो. आधीच्या दोघींना असं काही नव्हतं. टेप गेली का?

टेपडेक

टेप गेली असं इतक्यात धरू नका. आधीच्या, नीट वाजलेल्या टेपांपैकी एक पुन्हा लावा. तिलाही चौकोन आले तर हेडवर कचरा बसलाय. ती स्वच्छ वाजली तर दोष तिसऱ्या टेपमध्ये.

हेड मळलं असेल तर कोरडी क्लीनिंग कॅसेट लावा आणि कॅसेटवर लिहिलंय तितकेच सेकंद चालवा. ती कॅसेट घासूनच साफ करते, त्यामुळे जास्त चालवली तर हेडच झिजतं. तेवढ्याने भागलं नाही तर हाताने साफ करणाऱ्याकडे द्या. मिनी डीव्हीचं हेड-ड्रम (हेडं बसवलेला फिरता भाग) मिनिटाला ९,००० फेरे घेतं आणि टेपवरची एक पट्टी असते जेमतेम १० मायक्रॉन रुंद. कापसाच्या काडीचा एक तंतू तिथे अडकला तरी पंचाईत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारा कपडा, ड्रम स्थिर धरून आडवं पुसायचं, उभं कधीच नाही. ज्याने हे पूर्वी केलंय त्यानेच करावं.

दोष टेपमध्ये असेल तर ती एलपीमध्ये (लाँग प्ले) चित्रित केलीय का ते बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एसपी' किंवा 'एलपी' दिसतं. ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसवण्यासाठी लोक एलपी वापरायचे. त्यात ती १० मायक्रॉनची पट्टी ६.७ मायक्रॉनवर येते. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केलं त्याच कॅमेऱ्याची हेडं तिच्यावर नेमकी बसतात. दुसऱ्या कॅमेऱ्यात, मग तो अगदी त्याच मॉडेलचा का असेना, चौकोन येऊ शकतात. बाबांचा कॅमेरा एक आणि दादाचा दुसरा, असं होतं का?

रानवारा

हो! ही टेप एलपीच आहे, आणि दादाच्या पहिल्या कॅमेऱ्यातली. तो कॅमेरा त्याने मित्राला दिला होता. विचारते त्याला.

मुक्तस्रोत

तो कॅमेरा मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला तरी हिंमत सोडू नका. तीच टेप तीन-चार वेळा उतरवा, शक्य असेल तर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून. दर खेपेला चौकोन थोड्या वेगळ्या जागी येतात. डीव्हीच्या आकड्यांमध्ये कॅमेरा स्वतःच नोंद करून ठेवतो की चित्राचा हा तुकडा मला वाचता आला नाही, आजूबाजूचं बघून भरलाय. 'डीव्हीरेस्क्यू' नावाचं मोफत साधन या नोंदी वाचतं आणि सगळ्या खेपांतले चांगले तुकडे जोडून एक फाइल करतं. पिवळ्या तारेने घेतलेल्या फाइलमध्ये या नोंदी उरतच नाहीत, म्हणून तिथे हे शक्य नाही. थेट आकडे उतरवून घ्यायचं हे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण आहे.

शब्दवेडी

धागा वाचतेय, फार उपयोगी. मी उतरवलेल्या फाइलमध्ये काही हललं की कडांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. शिवाय सगळे जरा रुंद वाटतात. हा दोष कशाचा?

मुक्तस्रोत

दोष काहीच नाही. जुनं व्हिडिओ चित्र एका आड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत साठवलेलं असतं, आणि पालमध्ये (PAL, आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. जुना टीव्ही ती आलटून पालटून दाखवायचा. संगणक दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हललेल्या गोष्टीच्या रेघा दिसतात. व्हीएलसीमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा, जातील. ठिपकेही चौकोनी नसतात. पाल डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ साठवतात आणि ४:३ ला ते ७६८ बाय ५७६ च्या प्रमाणात दाखवायचं असतं. तुमचं कदाचित १६:९ समजून ताणलं गेलंय, प्लेअरमध्ये प्रमाण ४:३ करा.

नातेवाइकांना पाठवायची एमपी४ हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने करा. तिथे डीइंटरलेससाठी 'बीडब्ल्यूडिफ'ची 'बॉब' पद्धत निवडा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. २५ वर आणलंत तर धावणाऱ्या पोरांची हालचाल निम्मी होते. मूळ फाइलला मात्र हात लावू नका. चित्रणाची तारीख-वेळ तिच्यातच आहे. एमपी४ करताना ती पुसली जाते.

निळीशाई

टेपडेक, तुमचं वाचून मिनी डीव्ही पुन्हा घ्यायला लागले आहे. फरक डोळ्यांना दिसतोय, विशेषतः लाल रंगात. आता हाय ८ बद्दलही लिहा ना. रानवाराचा कॅमेरा आवाजच देत नाही.

टेपडेक

लिहितो. रानवारा, बिन आवाज आणि मळकट चित्र ही १९९० च्या दशकातल्या हाय ८ कॅमेऱ्यांची ओळखीची व्याधी आहे. आतल्या बारीक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव गळतो आणि बोर्ड खातो. दुरुस्ती होते, पण सगळे कपॅसिटर बदलावे लागतात. टेपांवर मात्र आवाज शाबूत असणार, त्याची काळजी नको.

मी दुरुस्तीच्या मागे न लागता 'डिजिटल ८' कॅमेरा शोधला असता. सोनीने हा प्रकार १९९९ मध्ये काढला. त्याचे काही कॅमेरे (सगळे नाहीत, ही खात्री आधी करून घ्या) जुन्या व्हिडिओ ८ आणि हाय ८ टेपाही वाजवतात आणि फायरवायरमधून डीव्ही करून देतात. म्हणजे तुमचं तेच कार्ड, तेच विनडीव्ही. काहींच्या मेनूत 'टीबीसी' असतं, ते चालू ठेवा. अ‍ॅनालॉग टेप फिरताना वेगात जी किंचित थरथर होते तिने उभ्या रेघा वाकड्या दिसतात. टीबीसी प्रत्येक ओळ जागेवर आणून देतं.

तसा कॅमेरा मिळालाच नाही तर दुरुस्त केलेल्या हाय ८ कॅमेऱ्यासाठी निळीशाईंचं यूएसबी यंत्र आहेच. त्याला पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओने जोडा, बहुतेक हाय ८ कॅमेऱ्यांना ती खाच असते. तिच्यात प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांनी जातात. ओबीएसऐवजी व्हर्च्युअलडब घ्या आणि काहीही न गमावता दाबणारा कोडेक ठेवा, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१. तासाला तीसेक जीबी लागतील, लागू देत. चित्राच्या तळाशी एक थरथरणारी पट्टी दिसेल. ती पूर्वीही होती, टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

कडूलिंब

व्हीएचएस-सीला अ‍ॅडॉप्टर मिळतो, त्यात कॅसेट घालून साध्या व्हीएचएस प्लेअरमध्ये वाजते. आमच्या अ‍ॅडॉप्टरला पेन्सिल सेल लागायचा. तसाच अ‍ॅडॉप्टर हाय ८ ला मिळेल का?

टेपडेक

नाही मिळणार. व्हीएचएस-सीची टेप व्हीएचएसचीच, १२.७ मिलिमीटर रुंद. हाय ८ ची ८ मिलिमीटर. आतली मांडणीच वेगळी आहे. तसं काही कुणी विकत असेल तर घेऊ नका.

रानवारा

अपडेट: दादाच्या मित्राकडे तो कॅमेरा अजून आहे. एलपी टेप त्यात अगदी स्वच्छ वाजली. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता फाइली कुठे ठेवायच्या? सगळ्या टेपा धरल्या तर अर्ध्या टीबीच्या पुढे जाईल.

मुक्तस्रोत

दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. दोन्ही एकाच कपाटात असतील तर एक असल्यासारखंच आहे. प्रत्येक टेपचं एक फोल्डर करा आणि कॅसेटच्या डबीवर, लेबलवर जे काही हाताने लिहिलंय त्याचा फोटो त्यातच टाका. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क लावून फाइली उघडतात का ते बघा. कॅसेटही फेकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, डबीत, उभ्या, कोरड्या जागी.

शब्दवेडी

शेवटचा प्रश्न. मावशीने अमेरिकेत चित्रित केलेल्या मिनी डीव्ही आहेत. माझ्या कॅमेऱ्यात चित्र काळं येतं, बाकीच्या टेपा उत्तम चालतात.

टेपडेक

त्या टेपा एनटीएससी (अमेरिकेतली व्हिडिओ पद्धत) आहेत आणि तुमचा कॅमेरा पाल. बरेच पाल कॅमेरे एनटीएससी टेप वाजवत नाहीत. तिकडचा कॅमेरा मिळवावा लागेल, मावशींचा जुना असेल तर सर्वांत चांगलं. कार्ड, केबल आणि विनडीव्ही तेच चालेल. फाइल ७२० बाय ४८० ची, सेकंदाला २९.९७ फ्रेमची येईल. ती तशीच ठेवा, २५ करू नका.